बँकेच्या भिंतीतला पहिला खिळा

प्रिय रूपालीचे पप्पा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तसा प्रसंगच आला नाही. लग्नानंतर तुम्ही मला सोडून राहिलातच कुठे? गावाला गेलो तरी सोबत गेलो, एकाच पिशवीत दोघांचे कपडे घालून. आज मात्र लिहायला बसले आहे. एक बातमी आहे आणि ती सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगायची होती. पण बँकेत आपला मयूर शेजारी उभा होता, म्हणून त्याला आधी कळली. तेवढं समजून घ्या.

आपलं घर बँकेतून सुटलं हो!

बँकेतल्या मुलीने शिक्का मारून कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "मासी, हवे बोजो ऊतरी गयो." इकडे गुजरातीत घरावरच्या कर्जाला बोजो म्हणतात, हे मला माहीत होतं. तरी माझा हात आपोआप मानेवर गेला. आपल्याकडे बोजा म्हणजे डोक्यावर वाहायचा भारा. तो उतरला की आधी मानच चोळतो ना माणूस! मयूरने विचारलं, मान दुखते का. मी म्हटलं, नाही रे, आता नाही दुखत.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. ती सांगायच्या आधी मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

आठवतो का गोडादऱ्याच्या या घरातला पहिला दिवस? लिंबायतच्या भाड्याच्या खोलीतून एका टेम्पोत आपला सगळा संसार आला होता आणि टेम्पो अर्धा रिकामाच होता. मी माझ्या मामाने लग्नात दिलेलं घड्याळ पदराने पुसलं आणि भिंतीवर जागा बघू लागले. तुम्ही पुढे येऊन माझं मनगट धरलंत. आपल्या अहिराणीत म्हणालात, "भिंतले खिया नको ठोकू. सायबनी सांगेल शे, फेरफार करना नई."

कर्जाच्या सह्या करताना बँकेच्या साहेबाने गुजरातीत भराभर काहीतरी वाचून दाखवलं होतं. त्यातला एकच शब्द तुम्हाला धड कळला, फेरफार. कर्ज फिटेपर्यंत घरात फेरफार करायचा नाही. झालं! खिळा म्हणजे फेरफार, असं तुम्ही ठरवून टाकलंत. मला तेव्हा ते खोटं वाटलं नाही. लिंबायतच्या घरमालकाने खोली सोडताना एकेका खिळ्याच्या भोकाचे पैसे डिपॉझिटमधून कापले होते, ते दोघांनीही पाहिलं होतं. खोलीवाला एवढं करतो, तर बँक काय करेल!

म्हणून मामाचं घड्याळ फ्रिजवर झोपलं. हो, झोपलंच, कारण उभं केलं की घसरायचं. वेळ बघायची तर फ्रिजजवळ जाऊन पायाच्या बोटांवर उभं राहायचं. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं, वारा आला की महिने उलटायचे. देव स्टुलावर. आरसा तांदळाच्या डब्याला टेकवलेला, म्हणून रूपाली वेणी घालायला जमिनीवर बसायची आणि शाळेत मैत्रिणींना सांगायची की आमच्याकडे असाच रिवाज आहे.

आणि तुमचा शर्ट. मिलमधून आलात की खिडकीच्या गजाला शर्ट अडकवायचा आणि बनियनवर बाहेर ओट्यावर बसायचं. एकदा वाऱ्याने तो शर्ट उडून गटारात पडला. तुम्ही काठीने वर काढलात, धुतलात आणि वाळत घालताना म्हणालात, "रिटायर व्हसू तवय मना घरमा, मना खियाले, मना शर्ट टांगसू." रिटायर होईन तेव्हा माझ्या घरात, माझ्या खिळ्याला, माझा शर्ट टांगीन. मी हसले होते. एका खिळ्यासाठी माणूस एवढं मोठं स्वप्न बघतो का, म्हटलं. पण तुमचं ते स्वप्न खरंच तेवढंच होतं.

त्यासाठीच तर लवकर फेडायची घाई होती तुमची. बँकेने हप्ते कधी संपणार ते सांगितलं आणि तुम्ही घरी येताना हिशेब करत आलात, की तोवर पलसाण्याच्या मिलवाल्यांनी तुम्हाला केव्हाच घरी बसवलेलं असेल. मग त्या दिवसापासून दिवाळीचा बोनस बँकेत, ओव्हरटाइम बँकेत, मी साड्यांवर खडे चिकटवून मिळवलेले पैसेसुद्धा बँकेत. हप्ता तर जायचाच, वर जे उरेल तेही मुद्दलात. बँकेचा माणूस एकदा म्हणाला, काका, इतकी काय घाई आहे? तुम्ही म्हणालात, "मला खिळा ठोकायचाय." त्याला वाटलं, काका गमतीदार आहेत.

लोकांना वाटायचं आपण फार कष्टात दिवस काढले. मला तसं आठवतच नाही. मला आठवतो तुम्ही फोल्डिंग खात्यातून स्वस्तात आणलेला जांभळ्या फुलांचा तागा. मिलमध्ये छपाई बिघडलेला माल. त्यातून पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, माझा ब्लाउज झाला, रूपालीचा फ्रॉक झाला आणि उरलेल्यात तुमची लुंगी. रूपाली पडद्यासमोर उभी राहिली की तुम्ही घरभर हाका मारत फिरायचात, आमची पोरगी कुठे गेली, कोणी पाहिली का? ती खिदळली की मग तुम्हाला सापडायची. तो पडदा अजून आहे. फुलं गेली, कापड टिकलं.

आणि तो डाळीचा वाफाळता मऊ लोचो! बँकेत जास्तीचे पैसे भरले की त्या दिवशी येताना एक प्लेट लोचो आणायची, हा तुमचा नियम. एक प्लेट, चार चमचे. कोणी किती खाल्लं यावर भांडण नको म्हणून तुम्ही चमच्याने लोच्यावर रेघा मारून वाटण्या करायचात. मयूर म्हणायचा, पप्पा, माझ्या वाट्यात शेव कमी आली. तुम्ही तुमच्या वाट्यातली शेव चिमटीने उचलून त्याच्याकडे द्यायचात आणि म्हणायचात, घे, आज बँकेची एक वीट आपली झाली. मुलांना खरंच वाटायचं की बँक विटा मोजून देते. मयूरने एकदा खडूने भिंतीवर खूण करायला घेतली, आपल्या विटा कुठवर आल्या ते लिहायला. तुम्ही धावत जाऊन खडू काढून घेतलात. खडूसुद्धा फेरफार!

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं मला या घराने शिकवलं. शेंगदाण्याच्या पुड्यांचे कागद मी सरळ करून वाचायची, ते तुम्ही पाहिलंत. मग रद्दीवाल्याकडून किलोवर मराठी पुस्तकं आणायला लागलात. काहींना सुरुवात नसायची, काहींना शेवट. तुम्ही बाहेर ओट्यावर पाय पसरून म्हणायचात, वाच. शेवटाची पानं नसली की मी माझ्या मनाचा शेवट सांगायची आणि तुम्ही म्हणायचात, हे पुस्तक चांगलं होतं. गुजराती मात्र मी एकटीने दुकानांच्या पाट्यांवरून शिकले. ती थोडी आधी शिकायला हवी होती, ते आज कळलं.

आता तो बिस्किटांचा डबा, तुमच्या खिळ्यांचा. तुम्ही गेल्यावर मी पुष्कळ दिवस तो उघडला नाही. मिलमध्ये मशीनचे सुटे भाग यायचे, त्या लाकडी खोक्यांचे वाकडे खिळे तुम्ही विचारून घरी आणायचात आणि रविवारी ओट्यावर बसून माझ्या खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकून सरळ करायचात. मी ओरडायची, बत्त्याला खड्डे पडले, ठेच्यात लोखंड लागतं. तुम्ही म्हणायचात, घर आपलं झालं की लागतील. ज्या घरात एक खिळा ठोकायचा नाही, त्या घरात खिळ्यांचा डबा भरत चालला होता! शेजारच्या पाटीलभाऊंच्या कमलबाई त्यावरून मला चिडवायच्या. म्हणायच्या, शोभाताई, तुमच्याकडे भांडी कमी आणि खिळे जास्त.

मग तुम्ही गेलात.

त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. छातीत जळजळतंय म्हणालात, सोडा प्यालात, मिलची बस पकडलीत. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणालात, महिनाअखेर आहे, पुढच्या आठवड्यात बघू. बँकेला तुम्ही कधी पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला नाहीत. तेवढी तक्रार माझी राहील. ती मी वरती आल्यावर तोंडावर करीन.

सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी तुमचे मोठे भाऊ गावाहून तुमचा फोटो फ्रेम करून घेऊन आले. माणसांनी घर भरलं होतं. दादांनी फोटो हातात धरून भिंतीवर जागा पाहिली आणि खिळा मागितला. कमलबाई त्यांच्या घरून हातोडी घेऊन आल्या. मी उठून भिंतीपुढे उभी राहिले आणि म्हटलं, खिळा नको, घर बँकेचं आहे. कोणाला काही कळेना. दादांचा आवाज चढला. "माणूस गेला आणि तू भिंत सांभाळतेस?"

मी म्हटलं, "भिंत त्यांनीच सांभाळायला सांगितली आहे, दादा."

ते त्या दिवशी जेवले नाहीत. तुमचा फोटो मी लोखंडी खुर्चीवर ठेवला आणि हार खुर्चीच्या पाठीला अडकवला. तेव्हापासून तुम्ही खुर्चीवरच. केर काढताना मी तुम्हाला ओट्यावर नेऊन ठेवायची. गॅसवाला एकदा तुमच्यावर बसता बसता राहिला. जेवायला बसलो की मयूर खुर्ची आपल्याकडे वळवून घ्यायचा. भिंतीवरचे फोटो वरून बघतात. तुम्ही मात्र आमच्या ताटांत बघत होतात.

कर्ज उरलेलं होतं. दादांचा राग गेल्यावर त्यांनी नीट समजावलं, की घर विक, बँकेचं देऊन टाक, गावाला ये, आम्ही आहोत. वाईट बोलत नव्हते ते. पण मला वाटलं, हे घर विकलं तर तुमचा शर्ट जन्मभर खिडकीलाच राहील. मी नाही म्हटलं. खड्यांचं काम वाढवलं, आपल्याच भागातल्या एकट्या राहणाऱ्या कारागिरांचे जेवणाचे डबे सुरू केले. मयूर कापड मार्केटमध्ये एका दुकानात लागला. तोही एकदा चिडला. म्हणाला, मम्मी, सगळी दुनिया आरामात हप्ते भरते, एसी लावते, गाडी घेते, आपल्यालाच काय आग लागली आहे?  त्याचं वय होतं ते सगळं घ्यायचं.

पण ऐका. त्या दिवाळीत त्याला पहिला बोनस मिळाला. संध्याकाळी घरी आला आणि पाकीट तसंच खुर्चीवर, तुमच्या फोटोपुढे ठेवलं. दुसऱ्या हातात लोच्याची पुडी होती. रूपाली सासरी उधन्याला गेलेली, तुम्ही नाही, घरात आम्ही दोघंच. तरी चार चमचे काढले त्याने आणि रेघा मारल्या. तुमच्या वाट्यातली शेव मात्र त्याने स्वतःच खाल्ली, हे सांगितलं पाहिजे.

असे एकेक वाटे करत आज बँकेत पोचलो. बँकेने लिहिलं होतं त्याच्या कितीतरी आधी.

बोजो उतरला म्हणाल्यावर त्या मुलीने विचारलं, मासी, आणखी काही? लगेच हेही सांगितलं, की तुमचा व्यवहार इतका चोख आहे, याच घरावर आता नवीन लोन आरामात मिळेल. बघा, एक बोजा उतरत नाही तोच दुसरा उचलून द्यायला हात तयार! मी म्हटलं, ते राहू दे बेटा, एवढंच सांग, आता घरात खिळा ठोकला तर चालेल ना?

तिला कळेना. मयूर कानापर्यंत लाल झाला. मी तिला सगळं सांगितलं, साहेबांनी काय वाचलं, तुम्ही काय ऐकलं, आम्ही कसं पाळलं. ती हसली नाही हो. चांगली पोर आहे. म्हणाली, "खीली तो पहेला दिवसथी ठोकाय ने, मासी. घर तो तमारुं ज हतुं." फेरफार म्हणजे भिंत पाडणं, वर माळा चढवणं. खिळ्याला कोण विचारतं?

खिळा पहिल्या दिवसापासून ठोकता येत होता. घर पहिल्या दिवसापासून आपलंच होतं!

बाहेर येऊन मी बँकेच्या पायरीवर बसले. मयूर घाबरला, त्याला वाटलं मी रडते. मी हसत होते. मला फ्रिजवर झोपलेलं घड्याळ दिसत होतं, जमिनीवर बसून वेणी घालणारी रूपाली दिसत होती, लाल तोंडाचे दादा दिसत होते. इतकी वर्षं, रूपालीचे पप्पा! एका शब्दापायी! साहेबाला एकदा विचारलं असतं तर काय तोंड झिजलं असतं तुमचं?

रिक्षात मला पाटीलभाऊंची भिंत आठवली. त्यांचंही कर्ज त्याच बँकेचं. त्यांनी घर घेतल्या वर्षीच शोकेस ठोकलं, त्यात बाहुल्या, फुलदाण्या, मग मोठा टीव्ही, मग टीव्हीमागे नक्षीचा कागद. मी तुम्हाला म्हटलं होतं, त्यांना चालतं मग आपल्याला का नाही? तुम्ही ताटातल्या भाकरीकडे बघत म्हणालात, त्यांनी विचारून घेतलं असेल. मी म्हटलं, मग तुम्हीही विचारा. तुम्ही हो म्हणालात आणि कधीच विचारलं नाही.

तुम्हाला माहीत होतं का हो? रिकाम्या भिंतीवर खर्च होत नाही, हे तुम्ही ओळखलं होतं का? रूपालीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, पप्पांना नक्की माहीत असणार. मयूर म्हणतो, छे, पप्पा खरंच घाबरत होते.  माहीत असेल तर तुम्ही मोठे लबाड. माहीत नसेल तर साधे. मला दोन्ही नवरे चालतील.

घरी आल्यावर डबा काढला. वरचे खिळे गंजले होते, खालचे चांगले होते. मयूर म्हणाला, पाटीलकाकांकडून हातोडी आणतो. मी म्हटलं, नको, बत्ता आहे. मयूरला वाटलं होतं पहिला खिळा फोटोसाठी. त्याने जागासुद्धा पुसून ठेवली होती. मी दाराच्या मागे गेले, खिडकीपासून लांब, जिथे वारा पोचत नाही तिथे. खिळा धरला आणि बत्ता मारला.

खिळा वाकला.

मयूर म्हणाला, मम्मी, फेक तो, डबाभर आहेत. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तोच हसला, खिळा घेऊन ओट्यावर गेला, तुमच्यासारखा उकिडवा बसला आणि ठोकून सरळ करून आणला. दुसऱ्यांदा बसला तो. चांगला घट्ट बसला. थोडा चुना पडला, तो मी झाडला नाही अजून.

तुमचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले होते. एक शर्ट मी तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला होता, कोणाला सांगितलं नव्हतं. तो तिथे टांगला आहे. तांदळाचा वास येतो त्याला. तुमच्या घरात, तुमच्या खिळ्याला, तुमचा शर्ट. झालं?

फोटोही लावला मग, समोरच्या भिंतीवर. घड्याळ लावलं. आता ताटावरून मान वर केली की वेळ दिसते. रिकामी खुर्ची जरा चमत्कारिक वाटत होती. मग मीच तिच्यावर बसले आणि हे पत्र लिहायला घेतलं. खुर्ची चांगली आहे हो. तुम्ही इतकी वर्षं आरामात होतात.

आता शब्द देते तो नीट ऐका. या घरावर पुन्हा बोजा चढेल अशा कोणत्याही कागदावर मी सही करणार नाही, मग तो कोणीही कितीही गोड बोलून पुढे करो. आणि कागद मी स्वतः वाचीन, गुजरातीत असला तरी. एखादा शब्द अडला तर लाज न धरता विचारीन. रविवारी रूपाली पोरांना घेऊन येते आहे. त्या दिवशी लोचो येईल तो माणशी एक प्लेट. रेघा कोणी मारायच्या नाहीत. तुमच्या प्लेटवरची शेव मात्र मयूरला मिळेल, ते तुम्हीच लावलेलं वळण आहे.

डब्यात अजून पुष्कळ खिळे आहेत. भिंतीही आहेत.

आपल्या घरातून,
तुमची
शोभा